लेडेस्माचा नंबर

१

कामावर आले की मी थर्मास टेबलावर ठेवते, तुंब्यात 'माते' या इकडच्या कडू चहाची पानं भरते, वर गरम पाणी ओतते आणि पहिला घोट घेता घेता मशीनमध्ये काय काय चालू आहे ते बघते. या कारखान्याचा संगणक मी सांभाळते. उरुग्वाय नदीकाठच्या आमच्या गावात गुरं कापायचा हा एकच कारखाना, आणि त्यात संगणकातलं कळणारी मी एकटीच. त्यामुळे माझं काही चुकलं तर ते कुणाला कळत नाही. ऐकायला ही सोय वाटते.

माझी खोली लोखंडी जिन्यावर आहे. समोर भिंतीएवढी काच, आणि काचेखाली हाडं सोडवायचं दालन. छताला रूळ, रुळावर आकड्यांना लटकून सरकत येणारी धडं, खाली ओळीने उभी माणसं. एका हातात पोलादी जाळीचा मोजा, दुसऱ्या हातात सुरी. कुठलं दार कुणाच्या कार्डाने उघडायचं, रूळ किती वेगाने चालायचा, शीतखोल्या किती गार ठेवायच्या, हे सगळं माझ्या मशीनमधून ठरतं.

त्या बुधवारी पडद्यावर एक प्रोग्रॅम नेरीच्या नावावर चालू दिसला. नेरी माझा धाकटा भाऊ. दोनच दिवसांपूर्वी तो कामाला लागला होता, त्याचं खातं मीच उघडलं होतं. आणि हा प्रोग्रॅम एप्रिलपासून न थांबता चालू होता. एप्रिलमध्ये नेरी मोंतेविदेओत गाद्या विकत होता, म्हणजे विकल्या जात नव्हत्या म्हणून तर तो घरी परत आला.

मी तुंबा खाली ठेवला. मशीन खोटं बोलत नाही, त्याला तेवढी अक्कल नसते.

२

कारण लगेच सापडलं आणि मला हसू आलं. मशीनला नावं कळतच नाहीत, ती आपल्या सोयीसाठी असतात. मशीन माणसाला ओळखतं ते नंबराने. माणूस नोकरी सोडून गेला की मी त्याचं खातं पुसते. नाव जातं, पण त्याने मागे ठेवलेलं सगळं त्या नंबरावर तसंच पडून राहतं. पुढे नवा माणूस आला आणि त्याला तोच रिकामा नंबर मिळाला, की मशीनच्या लेखी काही बदललेलंच नसतं. गेलेल्याच्या फायली याच्या, गेलेल्याला उघडणारी दारं याला उघडी.

खाली दालनात असं कधी होत नाही. तिथे प्रत्येकाची सुरी, मोजा आणि धार लावायची सळई नंबर घातलेल्या खुंटीवर असते. माणूस मेला की त्याची खुंटी हातोड्याने भिंतीत पार आत ठोकतात. नव्या माणसाला नवी खुंटी. मॅनेजरने एकदा भिंतीवरची जागा वाया जाते म्हणून कुरकुर केली, तर त्या दिवशी दालनात कुणी सुरी उचलली नाही. मी या रीतीची टिंगल करायचे. माझ्या मशीनला असली रीत नव्हती, आणि ती मी त्याला शिकवलीही नव्हती.

नेरीला आधीच्या मुकादमाचा, लेडेस्माचा, नंबर मिळाला होता. तो प्रोग्रॅमही लेडेस्माचाच. रुळाचा वेग बदलायचा अधिकार मुकादमाला नसतो. तो फक्त रूटला, म्हणजे मशीनमधल्या सर्वेसर्वा युजरला असतो. माझ्याआधी इथे असलेल्या माणसाने लेडेस्माला हा प्रोग्रॅम करून दिला. तो क्षणभर रूट व्हायचा, वेग वाढवायचा आणि परत लेडेस्मा होऊन बसायचा. नीट लिहिलेला प्रोग्रॅम अधिकार सोडतो तेव्हा कायमचे सोडतो, परतीची वाट स्वतःच बुजवतो. याने बुजवली नव्हती. एक ओळख मूळची, एक अंगावर घातलेली आणि एक खिशात जपून ठेवलेली, अशा तीन ओळखी तो बाळगून होता. हवं तेव्हा खिशातली काढायची आणि चढवायची. आता त्याच्या अंगावर माझा भाऊ होता आणि खिशात रूट.

चालत्या पाळीत बंद केला आणि रूळच थांबला तर माझी धडगत नव्हती. रविवारी सवडीने निस्तरू असं म्हणून मी पुढच्या कामाला लागले.

३

लेडेस्माबद्दल सांगायला हवं. तो या दालनाचा मुकादम होता. कधी आवाज चढवायचा नाही. माणसाच्या पाठीमागे येऊन उभा राहायचा आणि हळूच म्हणायचा, "हात चालव, बाळा." मग रूळ वेग घ्यायचा. सुऱ्या धडांवरून घसरून हातांत शिरायच्या. त्याच्या काळात या दालनात किती बोटं गेली ते कुणी मोजलं नाही. उलट बोललेल्या एका माणसाला त्याने शीतखोलीत कोंडलं होतं. त्या माणसाचे दोन्ही कान काळे पडून झडले.

एप्रिलमध्ये भर पाळीत, सगळे जागेवर असताना, लेडेस्मा मेला. कुणी काही पाहिलं नाही. पाय घसरून स्वतःच्या सुरीवर पडला, असं लिहिलं गेलं. इतक्या वेळा कुणाला पडता येत नाही. पोलीस आले, दालन पाण्याने धुतलेलं होतं, सगळ्या सुऱ्या उकळलेल्या होत्या. मी तेव्हा जेवायला गेले होते. खरंच गेले होते.

४

नेरी पहिले दोन दिवस दालनात हसवाहसवी करत होता. तो लहानपणापासून तसाच. मला 'काडी' म्हणायचा, मी तशी होते म्हणून, आणि आता नाही तरी म्हणायचा. ओरोस्मान हा दालनातला सगळ्यात जुना कारागीर; त्याने नेरीला सुरी कशी धरायची ते दाखवलं आणि जेवणाच्या सुट्टीत जिना चढून मला सांगायला आला, की बाई, तुमचा भाऊ हाताने भोंगळ आहे पण माणूस चांगला आहे.

गुरुवारी नेरीने सुरी डाव्या हातात धरली होती. मला काचेतून दिसलं आणि वाटलं, उजवा दुखत असेल. त्याचा डावा हात मात्र भोंगळ नव्हता. धड समोर यायचं आणि हाडं सुटून पडायची, बघता बघता. मॅनेजर खूश झाला. संध्याकाळी नेरीच्या कार्डाने मुकादमाची खोली उघडली, आणि त्या खोलीत तो किती तरी वेळ दिवा न लावता बसून होता. अर्थात, दार का उघडलं ते मला माहीत होतं. नंबर. एवढंच.

शुक्रवारी मॅनेजरने त्याला मुकादमाच्या जागी उभं केलं. दुपारी रूळ एकदम जोरात पळायला लागला. एक माणूस मागे पडला. नेरी त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला, वाकून त्याच्या कानात काही बोलला, मग त्याचा हात धरून लाकडी फळीवर पसरला आणि मोज्याच्या जाळीतून सुरी आरपार फळीत उतरवली. तो माणूस किंचाळला असणार, माझी काच जाड आहे. बाकीचे थांबले नाहीत. फक्त एकेकाने मान वळवून नेरीकडे बघितलं.

पाळी सुटल्यावर ओरोस्मान परत वर आला. दारातच थांबला.

"बाई, त्याला इथून घेऊन जा," तो म्हणाला. "आम्ही एकदा निस्तरलंय. परत निस्तरायला लावू नका."

"तो माझा भाऊ आहे, ओरोस्मान."

"म्हणून तर सांगायला आलो."

५

रविवारी अंगणात नेरीने नेहमीसारखं मांस निखाऱ्यावर लावलं. आईने चुका काढल्या, त्याने तिची थट्टा केली, मला बरं वाटायला लागलं. मशीनचं काम मी सोमवारवर ढकललं. जेवताना मी पावाकडे हात केला, तर त्याने माझं मनगट पकडलं आणि हात टेबलावर दाबला. सुरी डाव्या हातात होती. माझ्या बोटांच्या मधल्या जागेत तिचं टोक हळूहळू पुढे सरकत होतं, एका बोटाकडून दुसऱ्याकडे.

"हात चालव, बाळा," तो म्हणाला.

लेडेस्माचं हे बोलणं त्याला कुणी सांगितलं असेल? दालनातलं कुणीतरी. माणसं गप्पा मारतात. मी असा विचार करत होते, आणि माझ्या अंगठ्यातून रक्त येत होतं. आई आतून पाणी आणायला गेली होती, तिने काही पाहिलं नाही.

मग त्याची पकड सुटली. सुरीकडे बघून तो रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा, आवाज न करता.

"काडे, मला कुणीतरी कामाला पाठवतं आणि माझ्या जागी उभं राहतं. मी परत येतो तेव्हा हात धुतलेले असतात." त्याने नाक पुसलं. "ते मला मारणार आहेत. मला दिसतं त्यांच्या डोळ्यांत. दुसराच कुणी समजून मारणार आहेत."

उद्या कामावर जायचं नाही, असं मी त्याच्याकडून वदवून घेतलं. त्याने आईची शपथ घेतली. सोमवारी मी उठले तेव्हा त्याचं अंथरूण गार होतं.

६

मी पळत कारखाना गाठला. काचेतून बघितलं तर नेरी मुकादमाच्या जागेवर, माझ्याकडे पाठ. रूळ वेगात होता. आधी मी तो प्रोग्रॅम मारला. पडद्यावरून तो गेला. रूळ थांबला नाही, मंदही झाला नाही. कुणाच्याही आज्ञेवाचून तो तसाच पळत राहिला. मी दोनदा खात्री करून घेतली आणि मग खात्री करणं सोडून दिलं.

राहिला नंबर. नेरीला कोरा करकरीत नंबर द्यायचा, जो कुणाचाच कधी नव्हता. मी रूट म्हणून आत गेले आणि आज्ञा दिली. मशीनने नकार दिला. हा युजर आत्ता कामावर आहे, त्याला आधी बाहेर येऊ द्या, एवढंच त्याचं म्हणणं. ही अट कशासाठी असते हे या धंद्यातल्या कुणालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण खाली एका माणसाने सुरी फळीवर ठेवून नेरीकडे तोंड वळवलं होतं. मी मशीनला बाजूला सारलं, फाइल उघडली आणि स्वतःच्या हाताने आकडा खोडून नवा घातला. मशीनने मुकाट्याने ऐकलं.

आणि लगेच पडद्यावर दिसलं, की नेरी आत आला. नव्या नंबरावर. दार: शीतखोलीचं.

म्हणजे तो बाहेर पडून परत आला, असं मी समजले. देवा, सुटलो, असंही मोठ्याने म्हणाले. जिन्यावर पावलं वाजली.

७

"काडे, माते आहे का गं?" दारातून नेरी म्हणाला.

त्याच्या पापण्यांवर बर्फाची भुकटी होती. मी त्याला मिठी मारली. तो आतपर्यंत गार होता, पण शीतखोलीतून आलेला माणूस गारच असणार. मी हसत होते आणि रडत होते. सगळं नीट झालं, तुला आता काही होणार नाही, असं काय काय बरळत होते. तो उजव्या हाताने तुंबा धरून शांतपणे प्यायला. उजव्या हाताने. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मग मी काचेकडे बघितलं. मुकादमाच्या जागी कुणीतरी उभं होतं, पाठमोरं.

दालनातली माणसं एकेक करून काम सोडत होती. धडं त्यांच्यासमोरून तशीच पुढे जात होती. कुणी घाई करत नव्हतं. त्यांनी मुकादमाभोवती गोल केला आणि तो गोल लहान लहान होत गेला.

"खाली कोण आहे?" मी विचारलं.

"लेडेस्मा," नेरी तुंब्यातून घोट घेत म्हणाला. "तू बघू नकोस."

पहिला हात वर गेला तेव्हा मला ती अट आठवली. नवा नंबर मिळतो तो नव्याने आत येणाऱ्याला. जो सकाळीच आत आलाय, तो बाहेर पडेपर्यंत जुन्याच नंबरावर असतो. मी नाव काढून घेतलं होतं, फक्त नाव. माणूस खालीच होता, लेडेस्माच्या नंबरावर, आणि आता त्या नंबराला माझ्या भावाचं नावही उरलं नव्हतं.

८

मी जिना कशी उतरले ते आठवत नाही. माणसांनी मला वाट दिली. ती दमली होती, धापा टाकत होती, झगे मानेपर्यंत लाल.

तो फरशीवर होता. पोट कमरेपासून वर सोडवलेलं, ते किती सफाईने काम करतात ते मला रोज दिसायचं. चेहऱ्याला मात्र कुणी हात लावला नव्हता. तो नेरी होता. त्याने मला ओळखलं.

"काडे," तो म्हणाला, "मी कुठे गेलो नव्हतो गं."

मग त्याचे डोळे तसेच राहिले. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडले, की हा माझा भाऊ आहे, हरामखोरांनो, हा नेरी आहे.

"हा लेडेस्मा आहे, बाई," ओरोस्मान समजुतीच्या सुरात म्हणाला. त्याने सुरीने वर खूण केली. "तुमचा भाऊ तो तिथे उभा आहे."

सगळ्यांनी वर बघितलं. तो काचेशी उभा होता. मग तो वळला आणि माझ्या खुर्चीत बसला.

मी रूट उघडं टाकून पळाले होते. खुर्ची सोडताना कुलूप लावायचं, हे नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकवतात.

दालनाची दारं एकामागून एक खाली आली. वरच्या नळांतून पांढरी गार वाफ सुटली. रुळाचा वेग वाढला, मग आणखी वाढला. आकड्यांवरची धडं हेलकावे घेत माणसांवर आदळायला लागली. एक आकडा मोकळा आला आणि त्याने समोरच्या माणसाला हनुवटीखाली उचलून नेलं. ध्वनिक्षेपकातून आवाज आला, मुळीच न चढलेला.

"हात चालवा, बाळांनो."

आणि मग, त्याच तोंडातून, माझ्या भावाच्या आवाजात: "काडे, तू वर ये. आई जेवायची थांबली असेल."

जिन्याचं दार तेवढं उघडं होतं. दोघे तिकडे धावले, तर ते त्यांच्या तोंडावर बंद झालं आणि मी जवळ गेल्यावर पुन्हा उघडलं. ओरोस्मानने माझा दंड धरला. त्याच्या भुवया पांढऱ्या होत चालल्या होत्या.

"वर भिंतीवरचं विजेचं मोठं बटण बंद करा," तो म्हणाला. "बाकी काही मागत नाही, बाई. तेवढं करा."

मी करते म्हटलं. माझ्या मागे दार लागलं.

वर तो खुर्चीत होता आणि बटण माझ्या हाताशी. मी त्यावर हात ठेवला. त्याने मला अडवलं नाही. तो काचेकडे बघत होता आणि काचेत मला त्याचा चेहरा दिसला. नेरीचा चेहरा. त्याच्या आत, मोज्यातल्या हातासारखा, लेडेस्माचा. आणि लेडेस्माच्याही आत, त्या प्रोग्रॅमच्या खिशातल्या तिसऱ्या ओळखीसारखं, कुणीतरी होतं. त्याला तोंड नव्हतं, ते नुसतं बघत होतं, आणि ते लेडेस्माच्या कितीतरी आधीपासूनचं होतं. मी नजर वळवली.

"बंद केलंस तर मीही जाईन," तो हळूच म्हणाला. "मग घरी जाऊन आईला काय सांगशील?"

काच जाड आहे. तरीही त्या दिवशी खालचं ऐकू येत होतं.

मी बटणावरचा हात काढून घेतला.

९

आईने तिघांची ताटं मांडली होती. कारखान्याचा भोंगा आज एवढा का वाजतोय, असं तिने विचारलं. माहीत नाही, मी म्हणाले. नेरीने हात धुतले, तिच्या गालाचा मुका घेतला, खुर्ची ओढून बसला. तिने त्याच्या ताटात मोठा तुकडा वाढला आणि म्हणाली, मोंतेविदेओहून आल्यापासून पोरगा पहिल्यांदाच असा शांत दिसतोय.

त्याने माझ्याकडे बघून मीठ मागितलं. मी दिलं.